पंखा नसलेल्या राउटरला कोणतं नेटवर्क कार्ड?

प्रश्न : ताई, नमस्कार. घरच्या राउटरसाठी मी पंखा नसलेला छोटा संगणक घेतलाय. प्रोसेसर इंटेल एन१००, मदरबोर्डवर २.५ गिगाबिटचे दोन पोर्ट आणि कार्डासाठी एक स्लॉट आहे. इंटरनेटची लाइन लवकरच २ गिगाबिटची होईल. घरातला फाइल सर्व्हर १० गिगाबिटच्या स्विचला जोडलेला आहे. ओळखीतून मला सर्व्हरमधून काढलेलं इंटेलचं एक्स५४०-टी२ कार्ड मिळतंय. दोन पोर्ट, दोन्ही १० गिगाबिटचे, नेहमीची नेटवर्क केबल चालते. एक मित्र म्हणतो एसएफपी प्लसचंच (ज्याच्या पोर्टमध्ये वेगळं मॉड्यूल खोचतात ते) घे, दुसरा म्हणतो तुला १० गिगाबिटची गरजच नाही. राउटर उघड्या फळीवर आहे, तरी आत्ताच त्याची बॉडी हाताला गरम लागते. काय करू?

उत्तर : एक्स५४०-टी२ घेऊ नका. फुकट मिळालं तरी घेऊ नका. कार्ड वाईट आहे असं नाही, सर्व्हरमध्ये ते वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं. पण तुमच्या डब्यात ते दोन कारणांनी बसत नाही, आणि दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

पहिलं कारण उष्णतेचं. तांब्याच्या केबलवरून १० गिगाबिट पाठवणं हे चिपसाठी फार कष्टाचं काम आहे. केबलच्या चारही जोड्यांवरून एकाच वेळी जाणं-येणं चालू असतं, त्यात आपल्याच सिग्नलचा प्रतिध्वनी वजा करायचा, शेजारच्या जोडीचा गोंधळ वजा करायचा, मग चुका दुरुस्त करायच्या, आणि हे सगळं सेकंदाला कोट्यवधी वेळा. एक्स५४० ही २०१२ ची चिप. दोन्ही पोर्ट चालू असताना हे कार्ड दहा वॉटच्या चांगलंच वर जातं. तुमच्या एन१०० प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा इंटेलने ६ वॉट ठरवली आहे. म्हणजे डब्यात प्रोसेसरपेक्षा जास्त तापणारी वस्तू तुम्ही बसवणार, आणि तिच्यावर वारा घालायला काहीही नाही. सर्व्हरमध्ये पुढून मागे सतत हवेचा झोत असतो, आणि त्या कार्डाचा हीटसिंक त्या झोताच्या भरवशावरच बनवलेला आहे.

दुसरं कारण वेगाचं. २.५ आणि ५ गिगाबिटचं मानक आलं २०१६ मध्ये. एक्स५४० त्याआधीचं असल्यामुळे त्याला १० गिगाबिट कळतं, १ गिगाबिट कळतं, मधलं काहीच कळत नाही. तुमच्या २ गिगाबिटच्या लाइनसाठी कंपनी जो फायबरचा डबा बसवेल, त्याचा पोर्ट २.५ गिगाबिटचा असण्याची शक्यता मोठी. त्याची केबल या ‘१० गिगाबिट’च्या कार्डाला लावलीत तर दोघांचं १ गिगाबिटवर जमेल, आणि निम्मी लाइन वाया जाईल. त्यापेक्षा मदरबोर्डवरचा २.५ गिगाबिटचा पोर्ट या कामाला कितीतरी बरा.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राकडे येते, कारण मुद्दा त्यानेच बरोबर पकडलाय. फाइल सर्व्हर आणि तुमचा संगणक एकाच नेटवर्कमध्ये असतील, तर त्यांच्यातली एकही फाइल राउटरमधून जात नाही. ती स्विचमधूनच परस्पर जाते. राउटर बंद करून ठेवा, कॉपी चालूच राहील. राउटरच्या वाट्याला फक्त बाहेरची लाइन येते, आणि ती २ गिगाबिटची. तिच्यासाठी मदरबोर्डवरचे दोन पोर्ट पुरे आहेत, एक बाहेरच्या लाइनला, एक स्विचला. असं असेल तर स्लॉट रिकामा ठेवा. पंखा नसलेल्या डब्यात रिकामा स्लॉट ही उत्तम गोष्ट आहे, हे मी मनापासून सांगते.

राउटरमध्ये १० गिगाबिटची खरी गरज कधी पडते? तुम्ही घरातलं नेटवर्क व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच केबलांवरच्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांमध्ये, तोडलं असेल तेव्हा. फाइल सर्व्हर एका व्हीलॅनमध्ये, कामाचे संगणक दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, आणि मधला प्रत्येक व्यवहार राउटरच्या फायरवॉलमधून जायला हवा. किंवा लाइनच पुढे ५-१० गिगाबिटची होणार असेल. तुमचं घर यात बसत असेल तरच पुढचं वाचा.

तेव्हाही दोन पोर्ट लागतातच असं नाही. इथरनेटमध्ये जाणं आणि येणं एकाच वेळी पूर्ण वेगाने होतं. म्हणून राउटर आणि स्विच यांच्यात एकच १० गिगाबिटची केबल टाकायची, तिच्यावरून सगळे व्हीलॅन आणायचे. एका व्हीलॅनमधून आलेलं पॅकेट राउटर त्याच केबलवरून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये परत पाठवतो. एका दिशेच्या मोठ्या कॉपीला पूर्ण वेग मिळतो. बाहेरची लाइन मदरबोर्डच्या पोर्टवर राहू द्या.

ही एक केबल कोणती असावी, इथे तुमचा पहिला मित्र बरोबर. राउटर आणि स्विच जवळजवळ असतील तर एसएफपी प्लस घ्या आणि त्यात डॅक केबल लावा, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल आधीच जोडलेली तांब्याची जाड केबल. साधी डॅक एका टोकाला ०.१ वॉटच्या आसपास खाते, कारण तिच्यात सिग्नलवर प्रक्रिया करणारं काही नसतंच. प्रकाशाचं छोट्या अंतराचं मॉड्यूल १ वॉटच्या आत राहतं. नेहमीची केबल लावायचं तांब्याचं मॉड्यूल मात्र २ ते ३ वॉटपर्यंत जातं, आणि ही सगळी उष्णता बोटभर धातूच्या तुकड्यातून बाहेर पडायची असते. वेग तिन्हींचा सारखाच, दहाच्या दहा गिगाबिट.

कार्डांपैकी मी आधी इंटेलच्या एक्स७१०-डीए२ कडे बघेन. पोर्ट दोन असले तरी डॅकवर ते ४ वॉटच्या आसपास राहतं, आणि लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्याचा ड्रायव्हर मुरलेला आहे. त्याच्या आधीचं एक्स५२० खूप मिळतं, ड्रायव्हर दगडासारखा पक्का, पण ते २००९ च्या चिपवरचं आहे आणि जास्त तापतं. नेहमीची केबलच हवी असेल, भिंतीतून आधीच टाकलेली असेल, तर जुन्या सर्व्हर कार्डांच्या वाटेला न जाता मार्व्हलच्या एक्यूसी११३ चिपचं कार्ड बघा, किंवा रियलटेकच्या २०२५ मध्ये आलेल्या आरटीएल८१२७ चं. रियलटेक आपल्या चिपचा खर्च २ वॉटच्या आत सांगते. या दोन्ही चिपना २.५ आणि ५ गिगाबिटही कळतं. राउटरवर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स या राउटरच्या तयार प्रणाली चालवणार असाल तर आधी ड्रायव्हरची यादी तपासा. त्या दोन्ही फ्रीबीएसडीवर उभ्या आहेत, आणि मार्व्हलच्या या घराण्याचा ड्रायव्हर फ्रीबीएसडीत मुळात बराच काळ नव्हता. लिनक्सवर तो २०१७ पासून आहे.

स्लॉटला किती लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, जोडलेल्या आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि नेमकं तिथेच पाणी मुरतं. एन१०० कडे पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि डिस्क प्रोसेसरला जोडायच्या मार्गाच्या) तिसऱ्या पिढीच्या एकूण ९ लेन असतात. त्यातूनच डिस्कला, मदरबोर्डवरच्या पोर्टांना आणि स्लॉटला वाटा जातो. म्हणून स्लॉट लांबलचक दिसला तरी आतून एक किंवा दोनच लेन जोडलेल्या असू शकतात. तिसऱ्या पिढीची एक लेन एका दिशेला ८ गिगाबिटच्या जरा आत देते, दुसऱ्या पिढीची ४ गिगाबिट. कार्ड आणि स्लॉट यांच्यात जी पिढी जुनी, तिच्यावर दोघं येतात. एक्स५२० दुसऱ्या पिढीचं आहे. एका लेनच्या स्लॉटमध्ये ते ४ गिगाबिटच्या पुढे जाणारच नाही, दोन लेनमध्ये ८. एक्स७१० तिसऱ्या पिढीचं असल्यामुळे त्याला दोन लेन मिळाल्या तरी १५ गिगाबिट हाताशी येतात आणि एक पोर्ट आरामात भरतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत लेनचा आकडा बघा. कार्ड लावल्यावर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा रूट होऊन ‘-व्हीव्ही’ लावून चालवा. ‘लिंककॅप’ अशा अर्थाच्या ओळीत कार्डाची ऐपत असते, ‘लिंकस्टेट’च्या ओळीत प्रत्यक्षात काय मिळालं ते. आणि हो, एक्स७१० आणि एक्स५२० दोन्ही आठ लेनच्या लांबीची कार्डं आहेत. चार लेनचा स्लॉट मागच्या बाजूने बंद असेल तर ती त्यात शिरणारच नाहीत.

विकत घेण्याआधी एक माप घ्या, ते मी प्रत्येकाला घ्यायला लावते. प्लगला लावायचा वीज मोजणारा मीटर आणि एक साधा तापमापक पुरे. राउटर दोन-तीन तास नेहमीच्या कामात चालू द्या. बॉडीचं तापमान बघा, त्यातून खोलीचं वजा करा, आणि आलेल्या फरकाला मीटरवरच्या वॉटने भागा. माझ्याकडच्या ॲल्युमिनियमच्या एका छोट्या केसचं उत्तर दर वॉटला २ अंशांच्या आसपास येतं. समजा तुमचंही तसंच आलं. मग ४ वॉटचं कार्ड बॉडीला ८ अंशांनी वर नेईल, आणि एक्स५४० सारखं कार्ड २० अंशांहून जास्त. उन्हाळ्यात खोलीच ३५ वर गेली की ही बेरीज कुठे पोहोचते ते कागदावर मांडून बघा. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, तापला की वेग कमी करतो. कार्डाशेजारी बसलेली एनव्हीएमई डिस्क आणि बोर्डवरचे कपॅसिटर बिचारे निमूट शेकत राहतात. कपॅसिटरबद्दलचा जुना ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं.

हे गणित बॉडीचं झालं. कार्डाची चिप त्याहून बरीच तापते, कारण तिची उष्णता बॉडीपर्यंत पोहोचायला रस्ताच नसतो. झाकण उघडून पाहिलंत तर दिसेल, प्रोसेसरवर धातूचा ठोकळा आहे आणि तो पात्यांच्या झाकणाला घट्ट टेकलेला आहे. कार्ड मात्र आतल्या कोंडलेल्या हवेत तरंगतंय. म्हणून कार्डाच्या हीटसिंकच्या माथ्यापासून बॉडीच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ते काही मिलिमीटरच असेल तर जाड थर्मल पॅडने भरून काढा. अंतर जास्त असेल तर मध्ये ॲल्युमिनियमची पट्टी आणि दोन्ही बाजूंना पातळ पॅड. पॅड दाबून बसला पाहिजे, पण कार्ड वाकता कामा नये. बाहेरची पाती उभी राहतील असा डबा ठेवता आला तर ठेवा, गरम हवा त्यांच्यामधून आपसूक वर सरकते. आणि फायबरचा डबा राउटरच्या डोक्यावर ठेवू नका.

निष्क्रिय असतानाचा खर्च हा आणखी एक विषय, आणि घरच्या राउटरसाठी तो कमाल खर्चाइतकाच महत्त्वाचा, कारण राउटर दिवसाचा बहुतेक वेळ जवळजवळ रिकामाच असतो. काम नसताना प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थेत जातो. कार्डाने आपली पीसीआय लिंक झोपू दिली नाही, तर प्रोसेसरलाही पूर्ण झोप मिळत नाही. जुन्या सर्व्हर कार्डांपैकी बरीच अशी जागती असतात. मग कार्डाचे स्वतःचे वॉट वेगळे आणि प्रोसेसरचे वाढलेले वॉट वेगळे. ‘पॉवरटॉप’ या प्रोग्रॅममध्ये पॅकेजच्या (म्हणजे अख्ख्या प्रोसेसरच्या) सी-स्टेट, म्हणजे झोपेच्या पायऱ्या, दिसतात. कार्ड लावण्याआधी आणि लावल्यानंतर तो पडदा बघा, सोबत प्लगचा मीटरही.

प्रश्न : ताई, माझी लाइन २ गिगाबिटची आहे, पीपीपीओईने (नाव आणि पासवर्ड देऊन लॉगिन करायच्या पद्धतीने) जोडलेली. चार कोअरच्या राउटरवर वेग १ गिगाबिटच्या आसपासच अडकतो. प्रोसेसर तर २५-३० टक्केच वापरात दिसतो. जास्त वेगाचं कार्ड घेऊ का?

उत्तर : कार्ड नका बदलू. ‘टॉप’ चालवा आणि १ चा आकडा दाबा, म्हणजे चारही कोअर वेगवेगळे दिसतील. माझी खात्री आहे, एक कोअर शंभर टक्क्यांवर असेल आणि त्याच्या ‘एसआय’ रकान्यात, म्हणजे पॅकेट हाताळण्यासारख्या कर्नलच्या कामात, सगळा भार असेल. बाकी तिघं बसून आहेत. चारांची सरासरी २५ टक्के, म्हणून तुम्हाला प्रोसेसर मोकळा वाटतो.

हे का होतं? कार्डात येणाऱ्या पॅकेटांची वाटणी करायची सोय असते. आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक बघून ती प्रत्येक जोडणी वेगळ्या रांगेत टाकते, आणि प्रत्येक रांग वेगळ्या कोअरकडे जाते. पीपीपीओईमध्ये आयपीच्या आधी आणखी ८ बाइटचं वेष्टन असतं. बऱ्याच कार्डांना त्याच्या आतलं वाचता येत नाही, म्हणून बाहेरून येणारं सगळं एकाच रांगेत पडतं. १० गिगाबिटचं कार्ड लावलंत तरी एकच रांग आणि एकच कोअर.

लिनक्सवर यावर उपाय सोपा आहे. आरपीएस नावाची सोय हीच वाटणी सॉफ्टवेअरमध्ये करते, आणि तिला पीपीपीओईच्या आतलं दिसतं. बाहेरच्या पोर्टच्या रांगेच्या ‘आरपीएस_सीपीयूज’ फाइलमध्ये चार कोअरसाठी एफ हे अक्षर लिहा, बस्स. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमधला फ्लोटेबलही चालू करा. जोडणी एकदा मंजूर झाली की तिची पुढची पॅकेटं फायरवॉलची लांब वाट टाळून थेट पुढे जातात. २०१८ पासून कर्नलमध्ये तो आहे. फ्रीबीएसडीवर ‘नेट डॉट आयएसआर डॉट डिस्पॅच’ ही सेटिंग ‘डिफर्ड’ करून बघा. एवढं करून भागलं नाही तर लाइन देणाऱ्या कंपनीला विचारा, पीपीपीओईऐवजी सरळ डीएचसीपीने (लॉगिनशिवाय, आपोआप पत्ता देऊन) जोडून देता का. काही कंपन्या देतात.

लाइनवर केक किंवा तसलं काही रांगा आवरण्यासाठी लावलं असेल, तर मोजताना ते बंद ठेवा. त्याचा प्रोसेसरवरचा भार वेगळा आणि मोठा असतो. एलआरओ ही सोय राउटरवर कायमची बंदच हवी. ती आलेली पॅकेटं एकत्र चिकटवते. ज्या संगणकाला ती स्वतः वाचायची असतात त्याचं यात भलं होतं, पण राउटरला ती पुढे पाठवायची असतात.

प्रश्न : एसएफपी प्लसच्या पोर्टमध्ये नेहमीच्या केबलचं मॉड्यूल लावलंय. बोट ठेववत नाही इतकं तापतं. दुपारी मध्येच लिंक तुटते, रात्री नाही. मॉड्यूल खराब निघालं का?

उत्तर : दुपारी तुटते आणि रात्री नाही, यातच उत्तर आहे. मॉड्यूल बहुधा धडधाकट आहे, त्याची उष्णता जायला जागा नाही. साध्या दर्जाची मॉड्यूल त्यांचं स्वतःचं कवच ७० अंशांपर्यंत तापेल अशा हिशेबाने बनलेली असतात. एसएफपी प्लसचा पिंजरा मुळात १ ते २ वॉटच्या मॉड्यूलसाठी आखलेला, आणि त्यात तुम्ही त्याहून जास्तीचं बसवलंय, तेही पंखा नसताना. ‘एथटूल’ला ‘-एम’ लावून बघा, मॉड्यूल आपलं तापमान सांगत असेल तर आकडाच हाती येईल.

भिंतीतली तांब्याची केबल टाकून द्यायची गरज नाही. तिचं टोक राउटरऐवजी स्विचवर आणा, जिथे पंखा आहे किंवा निदान जागा आहे, आणि स्विचपासून राउटरपर्यंत डॅक टाका. गरम मॉड्यूल राउटरमधून बाहेर गेलं की झालं. ते जमतच नसेल तर शेजारचा पोर्ट रिकामा ठेवा, आणि केबल कमी लांबीची असेल तर ८० मीटरऐवजी ३० मीटरच्या दर्जाचं मॉड्यूल घ्या, ती सहसा कमी तापतात.

प्रश्न : एक्स५२० लावलं. डॅकवर छान चालतं, पण प्रकाशाचं मॉड्यूल लावून संगणक सुरू केला की पोर्टच गायब होतो.

उत्तर : इंटेलचा ड्रायव्हर ओळखीची मॉड्यूलच घेतो. साध्या डॅकला त्याची हरकत नसते, म्हणून ती चालली. कर्नलच्या नोंदींत मॉड्यूल मान्य नसल्याची ओळ सापडेल. लिनक्सवर ‘आयएक्सजीबीई’ ड्रायव्हरला ‘अलाऊ_अनसपोर्टेड_एसएफपी’ हा पर्याय १ करून द्या, कार्डाला दोन पोर्ट असतील तर स्वल्पविराम देऊन दोनदा १ लिहा, आणि संगणक पुन्हा सुरू करा. पुढे कधी एक्स७१० वर जाणार असाल तर मॉड्यूल त्याच्या यादीतलंच घ्या. तिथे ही अट कार्डाच्या फर्मवेअरमध्ये असते आणि ड्रायव्हरच्या पर्यायाने सुटत नाही.